ढोल कोणाचा, वस्ती कोणाची?

सांस्कृतिक कार्य म्हणजे वक्ते येईपर्यंत श्रोत्यांना धरून ठेवण्याचे साधन, असा एक समज परिवर्तनवादी चळवळीत खोलवर रुजलेला आहे. शाहिराने दोन गीते म्हणावीत, डफ खाली ठेवावा आणि मग मुख्य कार्यक्रमास प्रारंभ व्हावा, अशी जणू रीतच पडून गेली आहे. अर्थकारण ठरावात, राजकारण भाषणात आणि कला मात्र मंडपाच्या दाराशी, ही वाटणी कोणी मुद्दाम केली असे नाही. परंतु तिच्याविषयी कोणी शंकाही घेत नाही. ती शंका घ्यावयास लावणारा एक प्रदीर्घ प्रयोग ब्राझीलच्या ईशान्येस, बाहिया राज्यातील साल्वादोर या बंदराच्या शहरात गेली पाऊणशे वर्षे चालू आहे. तेथील काळ्या श्रमिकांनी आपापल्या वस्तीत आफ्रिकी ढोलवादनाची पथके उभी केली, वस्तीतील मुलांना ढोल शिकविला आणि त्या शिकवणीच्या आधारे एका अवमानित समाजाचे सार्वजनिक जीवन नव्याने घडविले. या प्रयोगास मोठे यश लाभले. त्या यशाने नवे प्रश्नही निर्माण केले. कार्यकर्त्यांच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी सारख्याच विचारणीय आहेत.

ढोलाविषयी मालकांचे धोरण

पोर्तुगिजांनी १५४९ साली वसविलेले साल्वादोर १७६३ पर्यंत ब्राझीलची राजधानी होते. अटलांटिक महासागर ओलांडून जे आफ्रिकी गुलाम अमेरिका खंडात आणले गेले, त्यांपैकी सुमारे ४८ लाख एकट्या ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरविले गेले. इतका मोठा वाटा दुसऱ्या कोणत्याही देशाच्या पदरी नाही. उसाचे मळे, साखरेच्या घाण्या, बंदरावरील ओझी, धनिकांच्या पालख्या, ही सारी व्यवस्था त्यांच्या पाठीवर उभी होती. ब्राझीलमधील गुलामगिरी कायद्याने संपली ती १३ मे १८८८ रोजी, म्हणजे संपूर्ण अमेरिका खंडात सर्वांत शेवटी. मुक्त झालेल्या माणसाला जमीन मिळाली नाही, भरपाई मिळाली नाही, शाळाही मिळाली नाही. काल जो मालकाची मालमत्ता होता, तो आज मजुरीच्या बाजारात रिकाम्या हातांनी उभा राहिला.

या रिकाम्या हातांत एक वस्तू मात्र शिल्लक होती. ती म्हणजे ढोल. ढोल केवळ मन रमविण्यासाठी नव्हता. योरुबा, फोन, बांटू अशा निरनिराळ्या आफ्रिकी समाजांच्या देवता बाहियात कांदोंब्ले या धर्मपंथाच्या रूपाने टिकून राहिल्या आणि त्या पंथात देवतेला आवाहन होते ते अताबाके या उभ्या, चामड्याने मढविलेल्या लाकडी ढोलाच्या द्वारेच. रुम, रुम्पी आणि ले अशा तीन आकारांचे तीन ढोल, प्रत्येक देवतेचा वेगळा ताल आणि ते ताल शिष्याला मुखोद्गत करून देणारा वादक-गुरू, अशी ही परंपरा. लेखन ज्यांना नाकारले गेले, त्यांचा इतिहास, त्यांचा पंचांग आणि त्यांची कुळकथा ढोलात साठविलेली होती.

सत्ताधाऱ्यांना याची पूर्ण जाणीव होती. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी बाहियाच्या दोन राज्यपालांनी याबाबत परस्परविरुद्ध धोरणे स्वीकारली. काउंट द पोंत याने गुलामांचे ढोलाचे मेळावे दडपण्याचा मार्ग पत्करला. १८१० साली आलेल्या काउंट दुस आर्कोस याने मात्र त्यांना परवानगी दिली. त्यात दयाबुद्धीचा भाग नव्हता. प्रत्येक आफ्रिकी जमात आपापला ढोल आपापल्या परीने वाजवीत राहिली, तर त्यांच्यातील जुनी वैरे ताजी राहतील आणि त्या एकत्र येऊन मालकांवर उठणार नाहीत, असा त्याचा हिशेब होता. भारतीय वाचकाला या हिशेबाची ओळख वेगळी करून द्यावयास नको. शोषितांची संस्कृती चिरडणे हा एक मार्ग. ती तुकड्यातुकड्यांनी जपून ठेवणे हा त्याहून अधिक चतुर मार्ग. वसाहतवादाने सर्वत्र दोन्ही वापरले.

जानेवारी १८३५ मध्ये साल्वादोरमध्ये मुस्लिम आफ्रिकी गुलामांच्या नेतृत्वाखाली बंड झाले, तेव्हा हिशेब बदलला आणि दडपशाही पुन्हा वाढली. गुलामगिरी संपल्यावरही ती थांबली नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी कार्निव्हलच्या मिरवणुकीत आफ्रिकी वेष व ढोल यांना पोलिसी आज्ञेने बंदी घालण्यात आली. कांदोंब्लेच्या मंदिरांना तर आपल्या विधीसाठी पोलिसांकडे नोंद करून परवाना घ्यावा लागे. ही अट रद्द होण्यास १९७६ साल उजाडावे लागले. म्हणजे ज्या समाजाचा धर्म पोलीस ठाण्याच्या दप्तरात नोंदला जात होता, त्याची पथके रस्त्यावर आली, ही गोष्ट ध्यानात ठेवूनच पुढील हकिकत वाचली पाहिजे.

गोदी कामगारांचे गांधी

या पथकांपैकी एक आद्य व प्रसिद्ध पथक गोदी कामगारांनी काढले आणि त्याला नाव दिले ‘गांधीपुत्र’, त्यांच्या भाषेत ‘फिल्योस द गांधी’. स्थापनेची तारीख १८ फेब्रुवारी १९४९. गांधीजींची हत्या होऊन वर्ष नुकतेच उलटले होते. ब्राझीलमधील त्यावेळची राजकीय परिस्थिती महत्त्वाची आहे. १९४७ साली तेथील कम्युनिस्ट पक्ष बेकायदा ठरविण्यात आला होता आणि सरकारने शेकडो कामगार संघांचा कारभार आपल्या हाती घेतला होता. जहाजांवर माल चढविणारे व उतरविणारे कामगार हे साल्वादोरमधील काळ्या श्रमिकांपैकी संघटित आणि त्यातल्या त्यात बऱ्या मिळकतीचे कामगार. त्यांनाही या काळात ओढगस्त जाणवू लागली. पूर्वीसारखे खर्चिक पथक काढणे शक्य नव्हते. तेव्हा त्यांनी पांढऱ्या चादरी अंगाभोवती गुंडाळल्या, टॉवेलचे फेटे बांधले आणि दूर देशातील एका हुतात्म्याच्या नावाने ते शांततेची मिरवणूक घेऊन निघाले. हाती अताबाके आणि अगोगो ही लोखंडी जोडघंटा. ताल इजेशा, म्हणजे कांदोंब्लेतील देवतांचाच.

एका बाजूस संघावर सरकारी ताबा, दुसऱ्या बाजूस आफ्रिकी ढोलाविषयी पोलिसांचा संशय. अशा वेळी संघाच्या कचेरीत जे बोलणे कठीण झाले होते, ते या कामगारांनी रस्त्यावर ढोलाने सांगितले: आम्ही आहोत, आम्ही एकत्र आहोत आणि आमचा देव आमच्याबरोबर आहे. दक्षिण आफ्रिकेतील तरुण गांधींच्या काळ्या लोकांविषयीच्या उद्गारांवर आज आफ्रिकेत रास्त टीका होते. घानाच्या विद्यापीठातून त्यांचा पुतळा २०१८ साली हलविण्यात आला. ती टीका टाळण्याचे कारण नाही. तथापि साल्वादोरच्या हमालांनी जे गांधी स्वीकारले, ते साम्राज्याशी निःशस्त्र झुंज देणारे गांधी होते. आणि त्यांना त्यांनी आपल्या तालावर चालविले. बाहेरचा विचार शोषित समाज जसाच्या तसा घेत नाही, आपल्या गरजेनुसार घडवून घेतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

या पथकाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मिरवणुकीत स्त्रियांना स्थान नव्हते. पुढे सत्तरच्या दशकात पथक जवळजवळ मोडकळीस आले. लंडनमधील राजकीय विजनवासातून १९७२ साली परतलेले प्रसिद्ध गायक जिल्बेर्तो जिल त्यात सामील झाले, तेव्हा त्याला पुन्हा बळ मिळाले. हेच जिल पुढे २००३ ते २००८ या काळात ब्राझीलचे सांस्कृतिक मंत्री होते.

‘वंशवादी’ कोण?

१ नोव्हेंबर १९७४ रोजी साल्वादोरच्या लिबरदाद विभागातील कुरुझू या वस्तीत ‘इले आइये’ हे पथक स्थापन झाले आणि १९७५ च्या कार्निव्हलमध्ये ते प्रथम रस्त्यावर आले. त्यात केवळ काळ्या लोकांनाच प्रवेश होता. देशावर १९६४ पासून लष्करी राजवट होती आणि ब्राझील हा वर्णभेदमुक्त देश आहे, येथे सर्व वर्ण गुण्यागोविंदाने नांदतात, हा राजवटीचा अधिकृत सिद्धांत होता. साहजिकच शहरातील प्रमुख वृत्तपत्राने या पथकाला वंशवादी ठरविले. पैसेवाल्यांच्या पथकांत काळ्या माणसाला दोर धरण्यासाठी किंवा वाद्य वाजविण्यासाठीच प्रवेश होता, ही गोष्ट त्या वृत्तपत्राला कधी खटकली नव्हती. भेद पाळणारा सभ्य आणि भेदाचे नाव घेणारा फुटीर, हा न्याय सर्व देशांत सारखाच चालतो.

अशा प्रयोगांवर एक आक्षेप डाव्या बाजूनेही घेतला जातो आणि तो अधिक गंभीर आहे. वर्णाच्या आधारावर संघटना बांधली तर कामगार वर्गाची एकजूट मोडेल, काळा कामगार आणि गोरा कामगार परस्परांपासून तुटतील, असे म्हटले जाते. हा आक्षेप भारतीय समाजवाद्यांनी पुष्कळ ऐकला आहे; येथे फक्त वर्णाच्या जागी जात हा शब्द असतो. डॉ. राममनोहर लोहिया यांनी त्याला दिलेले उत्तर सर्वश्रुत आहे. जात आणि वर्ग यांची जेथे सांगड पडलेली असते, तेथे केवळ वर्गाचे नाव घेणे म्हणजे जातीने मिळवून दिलेले नेतृत्व जसेच्या तसे राखणे होय. लोहियांच्या सप्तक्रांतीत कातडीच्या रंगावरून होणाऱ्या विषमतेविरुद्धचा लढा स्वतंत्रपणे येतो, हे विसरता कामा नये. १९६४ च्या मे महिन्यात अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात, जॅक्सन येथे, केवळ गोऱ्यांसाठी असलेल्या उपाहारगृहात जाण्याचा आग्रह धरून त्यांनी अटक पत्करली, ती याच भूमिकेतून.

साल्वादोरचा अनुभव या भूमिकेला पुष्टी देतो. ‘इले आइये’ने प्रत्येक कार्निव्हलसाठी एक विषय निवडला, कधी आफ्रिकेतील एखादा देश, कधी ब्राझीलमधील काळ्यांचे एखादे बंड. वस्तीतील कवी त्या विषयावर गीते रचीत, वादक त्यांना ताल देत आणि हजारो माणसे त्या गीतांतून असा इतिहास शिकत, जो त्यांच्या शाळेच्या पुस्तकात नव्हता. १७९८ साली बाहियात शिंपी व शिपाई यांनी प्रजासत्ताक व समता यांसाठी कट केला होता आणि त्यातील चौघांना १७९९ साली भर चौकात फाशी देण्यात आले होते, ही हकिकत वस्त्यांत घरोघरी पोहोचविण्यात अशा पथकांचा वाटा मोठा आहे. काळ्यांच्या चळवळीची दीर्घकाळची मागणी अखेर मान्य होऊन २००३ च्या जानेवारीत ब्राझीलमधील सर्व शाळांत आफ्रिकेचा व आफ्रिकी-ब्राझिलियन लोकांचा इतिहास आणि संस्कृती शिकविणे कायद्याने सक्तीचे झाले. संसदेने जे २००३ साली केले, ते कुरुझूच्या गल्लीने १९७५ सालीच सुरू केले होते.

गल्लीतील शाळा

पथकाची मिरवणूक वर्षातून काही दिवसांची; शिकवणी मात्र वर्षभराची. कार्निव्हलचा झगमगाट पाहणाऱ्याचे हिच्याकडे दुर्लक्ष होते. ‘इले आइये’च्या मागे हिल्दा जितोलू या कांदोंब्लेच्या धर्ममातेचे मंदिर उभे होते, तेथेच १९८८ साली वस्तीतील मुलांसाठी शाळा सुरू झाली. ‘ओलोदुम’ हे दुसरे मोठे पथक २५ एप्रिल १९७९ रोजी पेलोरिन्यो या जुन्या शहरातील विभागात स्थापन झाले. पेलोरिन्यो म्हणजे गुलामांना बांधून फटके मारण्याचा खांब. वस्तीचे नावच त्यावरून पडलेले. एके काळच्या सरदारांच्या हवेल्या तेव्हा पडक्या झाल्या होत्या आणि त्यांच्या खोल्याखोल्यांतून फेरीवाले, हमाल, धोबिणी, वेश्या अशी शहराने टाकून दिलेली माणसे राहत होती. ‘ओलोदुम’ने सर्व वर्णांच्या लोकांना प्रवेश दिला आणि १९८४ पासून वस्तीतील मुलांना ढोल शिकविण्याचा उपक्रम हाती घेतला. त्यातून पुढे त्यांची शाळा वाढली.

या शिकवणीचा कणा होते नेगिन्यो दो सांबा या नावाने ओळखले जाणारे वादक-गुरू. १९५५ साली जन्मलेला हा माणूस ‘इले आइये’तून ‘ओलोदुम’मध्ये आला आणि त्याने सांबा व जमैकाचा रेगे यांच्या संगमातून एक नवा ताल घडविला. त्या तालाची रचना समजून घेण्यासारखी आहे. सुर्दो नावाचे मोठे, खोल आवाजाचे ढोल निरनिराळ्या आकारांचे असतात. सर्वांत खालच्या स्वराचे दोन परस्परांना प्रश्नोत्तरे केल्याप्रमाणे आलटून पालटून वाजतात, मधले त्यांच्यामधील मोकळी जागा भरतात आणि वर बारीक काठ्यांनी वाजविलेल्या रेपिके या लहान ढोलांची कडकड सुरू असते. एकट्या ढोलावर हा ताल वाजविता येत नाही. प्रत्येकाच्या वाट्याला दोनचार सोपे आघात येतात. ते आपल्या जागी पडले, तरच सर्वांचा मिळून ताल उभा राहतो. म्हणून अत्यंत नवखे मूलही पहिल्याच महिन्यात पथकाच्या उपयोगी पडते आणि अत्यंत निष्णात वादकालाही इतरांवाचून काही करता येत नाही. गुरू हाताच्या खुणांनी व शिट्टीने पथक चालवितो. कागदावरची स्वरलिपी लागत नाही. समाजवादी शिक्षणाविषयी जे ग्रंथांतून लिहिले जाते, त्याचा इतका साधा प्रत्यक्ष पाठ क्वचितच मिळेल.

या शाळेने आपल्या परंपरेतील एक दोषही पुढे दूर केला. कांदोंब्लेत ढोल वाजविण्याचा अधिकार परंपरेने पुरुषांचाच. नेगिन्यो यांनी १९९३ साली पेलोरिन्योमध्येच ‘दिदा’ हे स्त्रियांचे ढोलपथक व त्याची शाळा सुरू केली. कमरेला मोठा सुर्दो बांधून रस्त्याच्या मधोमध चालणारी काळी स्त्री हे दृश्य साल्वादोरला नवे होते. परंपरेचा अभिमान बाळगणारी चळवळ परंपरेशी भांडूही शकते, किंबहुना तिनेच भांडले पाहिजे, हे या उदाहरणाने दिसून येते. नेगिन्यो आणि माता हिल्दा दोघेही २००९ साली निवर्तले. त्यांच्या शाळा त्यांच्यामागे चालू राहिल्या.

कीर्ती आली, माणसे गेली

येथपर्यंतची कथा यशाची आहे. यापुढील भाग अर्थशास्त्राचा आहे.

१९९० साली अमेरिकन गायक पॉल सायमन यांच्या ध्वनिमुद्रिकेत ‘ओलोदुम’चे ढोल जगभर ऐकू गेले. १९९६ साली मायकेल जॅक्सन यांच्या गीताचे चित्रीकरण पेलोरिन्योच्या दगडी चौकात झाले आणि त्या ढोलांना जगाने पाहिलेही. याच सुमारास शहराच्या जुन्या भागाचे भाग्यही पालटत होते. १९८५ साली युनेस्कोने तो जागतिक वारसा म्हणून घोषित केला होता. १९९२ पासून राज्य सरकारने त्याच्या जीर्णोद्धाराचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. पडक्या हवेल्यांना रंग लागले, छपरे नवी झाली, तळमजल्यांवर दुकाने, उपाहारगृहे व पर्यटकांसाठी निवासगृहे आली. तेथे राहणाऱ्या हजारो रहिवाशांना मात्र तुटपुंजी रक्कम हातावर ठेवून शहराच्या कडेला पाठविण्यात आले. ज्या गल्लीतील मुलांनी वाजविलेल्या ढोलामुळे ती गल्ली जगाच्या नकाशावर आली, त्या गल्लीत त्या मुलांच्या आईबापांना जागा उरली नाही.

अर्थशास्त्रात याला अनर्जित उत्पन्न म्हणतात. जमिनीचा मालक काहीही न करता, समाजाच्या श्रमाने जमिनीची किंमत वाढते आणि वाढीव किंमत मालकाच्या खिशात जाते. संस्कृती हेही अशा वाढीचे एक कारण असते, याचा विचार मात्र क्वचितच होतो. ढोलवादकाने निर्माण केलेले मूल्य घरभाड्यात, खोलीच्या दरात, पेयाच्या पेल्यात वसूल होते. वादकाच्या वाट्याला टाळ्या येतात. जीर्णोद्धाराच्या पुढील टप्प्यात उरलेल्या रहिवाशांनी संघटना बांधली, न्यायालयीन मार्ग चोखाळला आणि २००५ साली झालेल्या करारान्वये १०३ कुटुंबांना त्याच विभागात राहण्याचा हक्क मिळविला. संख्या लहान आहे. परंतु वारसा म्हणजे दगडविटा नव्हेत, त्यात राहणारी माणसेही वारशाचाच भाग आहेत, हे तत्त्व त्या कराराने मान्य करावयास लावले. त्या दृष्टीने तो विजय मोठा मानला पाहिजे.

कार्निव्हलमध्येही हेच घडले. ध्वनिक्षेपकांनी लादलेल्या प्रचंड मोटारी, त्यांवर नामांकित गायक, भोवती लांबच लांब दोरखंड आणि दोरखंडाच्या आत महागडा सदरा विकत घेतलेले पर्यटक व श्रीमंत तरुण, असे स्वरूप नव्वदच्या दशकात मिरवणुकीला आले. दोर धरून चालणाऱ्यांना तेथे ‘दोरवाले’ असेच म्हणतात. ते बहुतांशी काळे, गरीब आणि दिवसाच्या मजुरीवर लावलेले असतात. दोराबाहेर रेटारेटीत उसळणाऱ्या गर्दीला ‘लाह्या’ असे नाव पडले आहे. मोटारीवर जो ताल वाजतो, त्यात काळ्या वस्त्यांतून आलेला अंश मोठा असतो. त्या तालावर नाचण्याचा सुरक्षित हक्क विकत घ्यावा लागतो. आणि विकत घेणाऱ्याचे रक्षण त्याच वस्तीतील माणसाने दोर धरून करावयाचे असते. सार्वजनिक रस्त्याचे खाजगीकरण इतक्या उघड्या रीतीने दुसरीकडे क्वचितच पाहावयास मिळेल.

तर मग या पथकांनी बाजाराचा, अनुदानाचा, प्रायोजकांचा पैसा घ्यावयासच नको होता काय? काही कडवे टीकाकार तसे म्हणतात. ही टीका न्याय्य नाही. ढोल विकत घ्यावे लागतात, चामडे व पत्रे बदलावे लागतात, शिक्षकाला घर चालवावे लागते. गरिबाने कला निःस्वार्थपणे जोपासावी आणि मोबदला फक्त धनिकांच्या कलावंतांनी घ्यावा, हा उपदेश गुलामगिरीच्या काळाला शोभणारा आहे. प्रश्न पैसा घेण्याचा नाही; तो कोणत्या अटीवर घेतला आणि हिशेब कोणाला दिला, हा आहे. जे पथक वस्तीतील सभासदांना उत्तरदायी राहिले, ज्याची शाळा, वाद्ये व जागा संस्थेच्या मालकीची राहिली, त्याला परदेश दौऱ्यातून आलेला पैसा वर्गात वळविता आला. जे केवळ एका वर्षाच्या अनुदानावर उभे राहते, ते सरकार बदलताच डगमगते, आणि नगरपालिकेची मर्जी राखण्यासाठी आपला विषयही सौम्य करते. सांस्कृतिक संस्थेला सहकारी संस्थेचेच नियम लागू आहेत. भांडवल कोणाचे, निर्णय कोणाचा आणि नफा कोणाचा, हे तीन प्रश्न तेथेही विचारावेच लागतात.

दोन किनारे, एकच साम्राज्य

ही कथा महाराष्ट्र व गोव्याच्या वाचकाला दूरची वाटण्याचे कारण नाही. लिस्बनहून गोव्याकडे ये-जा करणारी पोर्तुगीज जहाजे साल्वादोरच्या बंदरात थांबत. ज्या साम्राज्याने पश्चिम व मध्य आफ्रिकेतील माणूस बाहियात विकला, त्यानेच मोझांबिकचा माणूस गोव्यात आणला. गोव्यातून निसटलेल्या गुलामांपैकी काहींचे वंशज उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जंगलपट्टीत राहतात. जंजिऱ्याच्या सिद्दींचा इतिहास वेगळा. तो सत्तेचा आहे. परंतु यल्लापूर-हल्याळ भागातील शेतमजूर सिद्दी, किंवा गुजरातमध्ये रतनपूरच्या बावा गोर दर्ग्याभोवतीचे सिद्दी यांचा इतिहास कष्टाचाच आहे. त्यांच्याकडेही ढोल आहे. उत्तर कन्नडमध्ये दमाम, गुजरातेत उभा मुगरमान आणि त्यावरील धमाल. या धमालीला महोत्सवांत मान मिळतो, परदेशांतून आमंत्रणे येतात, पर्यटकांपुढे चेहरे रंगवून नाचण्याचे करारही होतात. उत्तर कन्नडच्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मात्र २००३ साली मिळाला. रंगमंचावर बोलाविणारा समाज शाळेच्या पटावर आणि जमिनीच्या उताऱ्यावर त्याच माणसाचे नाव लिहिण्यास इतका उशीर का लावतो, हा प्रश्न साल्वादोरचाच आहे.

एक भेद मात्र नीट ध्यानात घ्यावयास हवा. ब्राझीलमध्ये ढोल मालकाने बंद केला होता, म्हणून तो हाती घेणे ही मुक्ती ठरली. भारतीय गावगाड्यात काही जातींवर वाद्य लादलेले होते. सवर्णांच्या लग्नात व मयतीत हलगी वाजविणे हे त्यांचे गावकीचे काम मानले जाई. मोबदला उष्ट्या भाकरीचा आणि वागणूक तिरस्काराची. गावकीची हीन कामे सोडा, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले, तेव्हा असे वाद्य खाली ठेवणे हीच मुक्ती होती. दोन्ही निर्णय सारखेच क्रांतिकारक आहेत. कारण दोन्ही ठिकाणी निर्णय वाजविणाऱ्याने स्वतः घेतला. तेव्हा ‘लोककला जपा’ असा सरसकट उपदेश करणाऱ्याने आधी एवढे विचारावे की ती जपावी अशी इच्छा कोणाची आहे आणि तिची किंमत कोण मोजणार आहे.

गिरणगावाच्या अनुभवाचा उल्लेख केल्यावाचून हा विचार पुरा होत नाही. लालबाग-परळच्या चाळींतून भजनी मंडळे, तमाशे, शाहिरांची कलापथके उभी राहिली. अण्णा भाऊ साठे व अमर शेख तेथेच ऐकले गेले. समाजवादी चळवळीत राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने वसंत बापट, लीलाधर हेगडे, निळू फुले, राम नगरकर अशी माणसे घडविली. १९८२ चा संप मोडला, अडीच लाख कामगारांचे जीवन विस्कटले, पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे व बाजारसंकुले उभी राहिली, आणि गाणारी वस्तीच पांगली. वस्ती पांगली की कला पोरकी होते. मग ती ध्वनिफितीत राहते, संशोधकाच्या प्रबंधात राहते, पण मुलाच्या हातात राहत नाही. म्हणून घरांचा लढा आणि कलेचा लढा हे दोन लढे नव्हेत.

यातून कार्यकर्त्यांसाठी निघणारे निष्कर्ष साधे आहेत. पहिला, कार्यक्रमापेक्षा वर्ग महत्त्वाचा. वर्षातून एकदा गाजणाऱ्या महोत्सवापेक्षा आठवड्यातून दोनदा भरणारी, दहा मुलांची शिकवणी चळवळीला अधिक काही देते. दुसरा, शिकविणाऱ्याला नियमित मानधन दिले पाहिजे. कलावंताच्या त्यागावर संघटना चालविणे हेही शोषणच होय, मग त्यावर झेंडा कोणत्याही रंगाचा असो. तिसरा, वाद्ये, जागा आणि ध्वनिमुद्रणांचे हक्क वस्तीच्या सामूहिक मालकीचे असावेत आणि त्यांचा हिशेब वस्तीसमोर वाचला जावा. चौथा, स्त्रियांना वाद्यापासून दूर ठेवणारी परंपरा कितीही जुनी असली तरी वर्गात ती पाळली जाऊ नये. पाचवा, ज्या वस्तीत कलापथक आहे, तेथील भाडेकरूंच्या व झोपडीवासीयांच्या प्रश्नात पथकाने उतरलेच पाहिजे, आणि पक्षाने पथकाच्या पाठीशी उभे राहिलेच पाहिजे.

शाखांच्या वार्षिक अहवालांत किती सभा झाल्या, किती मोर्चे निघाले, किती सभासद नोंदले, यांचे रकाने असतात. वस्तीतील किती मुलांना एखादे वाद्य, एखादे गीत, आपल्या पूर्वजांच्या लढ्याची एखादी हकिकत शिकविली, याचा रकाना नसतो. तो पुढील अहवालापासून घालण्यास निधीची अडचण नाही आणि वरिष्ठांच्या परवानगीचीही नाही. साल्वादोरच्या गोदी कामगारांपाशी तर एका वर्षी नव्या पोशाखांसाठीही पैसे नव्हते. त्यांनी चादरी गुंडाळल्या, ढोल गळ्यात अडकविला आणि ते रस्त्यावर आले.